आठाचा तीन

इथे शाई नसते.
हे गिऱ्हाइकाला पटवण्यातच निम्मा दिवस जातो.
काळं कागदाच्या आतच निजलेलं असतं म्हणावं,
त्याला उठवायला फक्त ऊब लागते:
मिलिमीटरभर जागेत आठ कण,
एकेक तापतो नि निवतो
पापणी हलायच्या आत.

तुर्भे, सेक्टर एकोणीस. खाली वजनकाट्यांचं दुकान,
वर आम्ही: कोयंडे मास्तर, मी
आणि पोट उघडं टाकून पडलेली सतरा यंत्रं.
खिडकीतून कांद्याचा वास येतो, दुपारनंतर तो बटाट्याचा होतो
असं मास्तर म्हणतात. मला फरक कळत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी नुसती काळी पट्टी छापायला लावली.
वीतभर काळं, बाकी काही नाही.
"बघ काय दिसतंय."
काळं, मी म्हटलं.
"परत बघ."
मग दिसलं. सुरुवातीला करडं,
कारण डोकं अजून गार होतं;
पुढे दाट, शेवटी तर कडाच फुगलेल्या,
मागच्या ओळीची धग पुढच्या ओळीत उतरत गेलेली.
डावीकडे ठसठशीत, उजवीकडे फिकं:
स्प्रिंग एका अंगाने थकली होती.
आणि जिथे सगळे कण एकदम पेटायचे
तिथे वीज वाटून घेताना प्रत्येकाला थोडी कमीच.
पंगत वाढली की वरण पातळ होतं, मास्तर म्हणाले,
तसंच.

तेव्हापासून मी हेच करते.
नुकत्याच तापलेल्याला जरा कमी,
मघापासून गप्प असलेल्याला जरा जास्त.
स्पिरिटचा बोळा एकाच दिशेने फिरवते,
रोलर नखाने दाबून बघते.
एकसारखं काळं हवं तर
प्रत्येकाशी वेगळं वागावं लागतं.
हे घरी बोलून दाखवलं,
तर जाऊबाईंनी माझ्या ताटातल्या पोळ्या मोजल्या.

मंगळवारी तात्याबा उतेकर आले, हमालांच्या टोळीचे मुकादम.
मानेवर पोत्याचा घट्टा,
काखेत व्यापाऱ्याचं यंत्र, हातात रबर लावलेल्या चिठ्ठ्या.
"पोरी, काटा अठ्ठावन्न दाखवतो, चिठ्ठी म्हणते त्रेपन्न.
पैसे चिठ्ठीवर. मधले पाच किलो आम्ही उचलले
ते गेले कुठं?"

भिंगाखाली धरली.
वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ, सुईच्या जाडीची.
तीन कण मेलेले, शेजारी शेजारी,
आणि नेमकी त्यांच्याखाली आठाची डावी बाजू.
इंग्रजी आठ. त्याची ती भिंत पडली की उरतो तीन.
बाकी छपाई सुरेख, दाट.
फिकी असती तर कुणीतरी ओरडलं असतं.

मेलेला कण उठत नाही.
नवं डोकं बसवायचं, तर व्यापारी महिनाभर "बघू" म्हणणार.
मी सगळा मजकूर तीन ठिपके उजवीकडे सरकवला.
रेघ दोन आकड्यांच्या मधल्या बोळात जाऊन पडली.
काटा अठ्ठावन्न. चिठ्ठी अठ्ठावन्न.

"आणि हे?" त्यांनी गठ्ठा पुढे केला.
चैत्रापासूनच्या चिठ्ठ्या. काही पिवळट,
काही घामाने पार कोऱ्या.
मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला, भिंग घेतलं.
"खरा तीन आपणहून वळतो," म्हणाले,
"टोकाला गोलाई असते. हा बघ. हा छाटलेला आहे."
रात्री नऊपर्यंत आम्ही ढीग करत बसलो:
वळलेले, छाटलेले.
कोऱ्यांचा तिसरा झाला, तो कुणी मोजला नाही.

छाटलेल्यांवर मास्तरांनी दुकानाचा शिक्का मारला, सही केली.
उतेकरांनी तिन्ही ढीग वेगवेगळे बांधले,
कोरासुद्धा,
आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात कोंबले.

तिथे ठेवू नका, मी म्हटलं,
अंगाच्या उबेने जातं हे.

ते जिन्यात थांबले.
"मग कुठं ठेवू?"